खाणीतल्या पोकलेनला बॅटरी बसवली की झालं ना? मग हायड्रॉलिक्सवर, म्हणजे पंपाने तेल दाबून मशीन हलवणाऱ्या यंत्रणेवर, संशोधन कशाला?

नाही भाऊ, ऊर्जेची खरी गळती तिथेच आहे.

उमरेडच्या खाणीत २० टनी पोकलेन तासाला १५ लिटर डिझेल पिते असं धरा. आठ तासांत १२० लिटर. लिटरमागे साधारण १० युनिट ऊर्जा, त्यातली ४० टक्के इंजिनातून पंपापर्यंत पोहोचते, म्हणजे ४८० युनिट. एवढी बॅटरी घेतली तर तिचंच वजन तीन टनांच्या आसपास जाईल, किंमत तर विचारूच नका.

आता बूम, म्हणजे पोकलेनचा मोठा हात, खाली येताना बघा. त्याच्या वजनाने सिलिंडरमधलं तेल दाबाखाली परत येतं आणि आपण ते व्हॉल्व्हमध्ये कोंडून फुकट तापवतो. मग ऑइल कूलर लावून तीच उष्णता बाहेर फेकायची! नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, कूलरची दमछाक होते ती वेगळीच.

हा दाब अक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीत, साठवता येतो. डिजिटल पंपात गरज नसलेले पिस्टन कॉम्प्युटर मोकळे फिरवतो, त्यामुळे कमी भारावरचा तोटा घटतो. पंप-व्हॉल्व्हचा तोटा आधी कमी केला तर बॅटरीही लहान लागते. डिझेलवर चालणाऱ्या मशीनलाही हाच फायदा, म्हणून मी तरी सुरुवात इथूनच करेन.