आईबाबांचा थायलंडचा विसा आणि मार्चचा हिशेब

अनेक आशीर्वाद.

आईबाबांना निवृत्तीनंतर थायलंडमधल्या च्यांग माईला राहायचंय हे वाचून आनंद झाला. कोथरूडचा फ्लॅट, म्युच्युअल फंड, बाबांची पेन्शन, सगळं मांडून तू विचारलं आहेस, एवढं पुरेल का? ऐपत आहेच. पण तिथलं इमिग्रेशन ऑफिस बघतं ते ठरलेली रक्कम ठरलेल्या खात्यात ठरलेले दिवस पडून होती का. फ्लॅट आणि फंड त्यात धरूच नकोस.

पन्नाशीच्या पुढच्या माणसाला तिथे राहण्यासाठी वर्षाची मुदतवाढ हवी, तर थाई बँकेत 8 लाख बाट (तिथलं चलन) हवेत, किंवा महिना 65,000 बाट उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे 8 लाख. पेन्शनच्या भरवशावर राहू नका. दरमहा परदेशातून पैसे आल्याची नोंद दाखवावी लागते. पुण्याहून मोजून 65,000 पाठवले आणि मधल्या बँकेने आपलं कमिशन कापलं, की पासबुकात चौसष्ट हजार काहीशे उमटतात आणि तो महिना वादात जातो. ठेवीचा मार्ग धरा.

आता तारखा नीट बघ. 90 दिवसांच्या नॉन-ओ विसावर (निवृत्तांना मिळतो तो सुरुवातीचा विसा) बाबा उतरले, तर मुदतवाढीचा अर्ज त्या मुदतीतच करायचा, आणि अर्जाच्या दिवशी 8 लाख बाट खात्यात येऊन दोन महिने झालेले हवेत. म्हणजे खातं उघडून पैसे पोचायला जेमतेम एक महिना मिळतो. खातं बाबांच्या एकट्याच्या नावावर हवं; आईचं नाव जोडायचा मोह नको. पत्त्याचा दाखला मागतात, त्यातच आठवडा जातो.

इकडे आपला आयकर. एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना, तिच्याखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, तिथे अडचण नाही. पण एप्रिल 2025 पासून एका आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांच्या वर जाईल त्यावर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला आयकर, घेते. 8 लाख बाट म्हणजे आजच्या भावाने वीस लाखांच्या वरच. एकदम पाठवले तर दोन लाखांहून जास्त रक्कम रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकते. ती बुडत नाही, पण नव्या गावात घराचं डिपॉझिट भरायच्या वेळीच हात आखडतो. म्हणून मी म्हणेन, बाबांनी मार्चच्या मध्यावर जावं. पहिला हप्ता 31 मार्चच्या आत, दुसरा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. दोन्ही आर्थिक वर्षांची 10 लाखांची सूट वापरली जाते आणि दोन महिन्यांचं गणितही बसतं, फक्त दिवस फार उरत नाहीत. त्यासाठी पतसंस्थेतली ठेव फेब्रुवारीतच मोकळी करून बाबांच्या बँक खात्यात आणून ठेव. परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा ए-2 फॉर्म भरताना मधल्या बँकांचा खर्च पाठवणाऱ्याकडे, असं ठळक सांग, आणि वर थोडे जास्तच पाठव.

मुदतवाढ मिळाली म्हणून पैसे मोकळे झाले असं नाही. पुढचे तीन महिने 8 लाख तसेच ठेवायचे, मग वर्षभर 4 लाखांच्या खाली जायचं नाही, आणि पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा 8 लाख. हा पैसा आईबाबांच्या दवाखान्याचा असेल, तर हा बेत करूच नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. दुखण्याच्या रात्री विसा मोडायचा की उपचार थांबवायचे, असा प्रश्न त्यांच्यापुढे यायला नको. औषधपाण्याचा पैसा वेगळा असेल तरच पुढे जा.

दर 90 दिवसांनी इमिग्रेशन ऑफिसला पत्ता कळवणं सोपं आहे. गणपतीला पुण्याला यायचं तर मात्र निघण्याआधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, घ्यायचं, एका फेरीला 1,000 बाट. ते नसेल तर मुदतवाढ तिथेच संपते. खातं एकट्याचं असल्याने बाबांचं तिथे चालेल असं मृत्युपत्रही करून घे, नाहीतर आईला त्या पैशासाठी कोर्टाची पायरी चढावी लागेल.

रविवारी सकाळी बाबांना घेऊन ये. ठेवीच्या पावत्या आणि पॅन बरोबर आण; कुठली ठेव कधी पिकते ते बघून पाठवायच्या तारखा ठरवू.

तुझा,
काका