‘युनिकोड फॉन्ट’, टंक आणि देवघरातला टाक

प्रश्न आला आहे : ‘युनिकोड फॉन्ट’ला मराठीत ‘एकसंकेत टंक’ म्हणावं का?

म्हणू नये. मुळात ‘युनिकोड फॉन्ट’ ही जोडीच चुकीची जमवलेली आहे. ‘लेख युनिकोड फॉन्टमध्येच पाठवावा’ ही सूचना वाचून वाचून डोकं उठलं आहे. एका स्मरणिकेच्या संपादकांनी माझा लेख परत केला. कारण काय, तर तो ‘युनिकोडमध्ये नाही, मुक्तमध्ये आहे’. अहो, मुक्त हा फॉन्ट! मजकूर युनिकोडमध्येच होता.

युनिकोड म्हणजे अक्षरांना दिलेल्या क्रमांकांची यादी. ‘मराठी’ हा शब्द संगणक २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ असा ओळखतो : म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. त्या ठचं पोट किती गोल, वेलांटी किती झुकलेली, हे फॉन्ट ठरवतो. र. कृ. जोशींनी घडवलेल्या मंगलमध्ये ते एका वळणाचं, मुक्तमध्ये दुसऱ्या, क्रमांक तेच. याउलट कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले. तिथे हाच शब्द ई, जे, के, मोठा बी, एच असा साठवला जातो. समोरच्याकडे कृतिदेव नसेल तर त्याला तीच निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. म्हणून मागायचं ते एवढंच : ‘मजकूर युनिकोडमध्ये पाठवा’. युनिकोडचे क्रमांक पाळणारा फॉन्ट, एवढ्याच अर्थाने ती जोडी फार तर चालवून घेता येईल.

आता ‘टंक’. फॉन्टला हा शब्द नको, तो टाइपरायटरचा, असं काही जाणकार ठासून सांगतात. मला ते साफ अमान्य आहे. फॉन्ट शब्दाच्या मुळाशी ‘वितळवणे’ या अर्थाचं फ्रेंच क्रियापद आहे; ‘फाउंड्री’ त्याच घरातली. फॉन्ट म्हणजे ओतून काढलेला अक्षरसंच. आपल्याकडे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात असेच शिशाचे खिळे ओतले जात आणि जुळारी ते उलटे वाचत एकेक करून जुळवत. धातूवर उमटलेलं अक्षर ही कल्पना टंकात टाइपरायटर जन्मायच्या कितीतरी आधीपासून आहे. संस्कृतात टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी, आणि टंक म्हणजे ठसा मारलेलं नाणंही. छिन्नीवरून आपली टाकी आली, जिचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. नाण्यावरून टंकशाला, म्हणजे आपली टांकसाळ.

आणि देवघरातला टाक? माझ्या मते तोही याच कुळातला. चांदीचा पातळ पत्रा, त्यावर ठशाने उठवलेला घोड्यावरचा खंडोबा. मागून बोट फिरवलं की तोच खंडोबा खोलगट लागतो, नाण्याचा साचा असावा तसा. ‘टाकणे’ या क्रियापदाशी हा टाक जोडणाऱ्यांनी एकदा तो हातात घेऊन पाहावा. देवाला काय कोणी टाकलं आहे? तो टंकलेला आहे! दौतीत बुडवायच्या टाकालाही मी याच ओळीत बसवतो. टोकदार धातू आणि उमटवणं, दोन्ही त्यात आहेत. तो ‘टोका’वरून आला म्हणणाऱ्यांनी ‘टो’चा ‘टा’ कसा झाला याचं दुसरं एक तरी उदाहरण दाखवावं.

राहिलं ‘एकसंकेत’. तो शब्द नकोच. युनिकोड हे त्या यादीचं विशेषनाम आहे, आणि विशेषनामाचं भाषांतर करत नसतात.