पप्पांचं घड्याळ आणि प्रार्थनेतला पहिला शब्द

प्रश्न : ताई, मी ४४ वर्षांची आहे. लहानपणी आमच्या घरी रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना व्हायची. पप्पा मनगटावरचं घड्याळ काढून पवित्र शास्त्राशेजारी ठेवायचे आणि वाचायला घ्यायचे. आवाज फार सुंदर होता त्यांचा. पण कधी कधी 'आमेन' म्हणून पाच मिनिटं होत नाहीत तोच तो आवाज चढायचा. वहीतली चूक, आपटलेलं दार, काहीही पुरायचं. घड्याळ परत मनगटावर चढायच्या आत हात उठलेला असायचा. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. मी विश्वास सोडलेला नाही, पण प्रभूची प्रार्थना म्हणताना 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' इथेच अडखळते. धाकटा भाऊ म्हणतो, "तू नको तेवढंच लक्षात ठेवलंस." त्याला ताप आला की पप्पा रात्रभर उशाशी बसायचे, हे त्याला आठवतं. खरं कुणाचं? आणि माझं मन स्थिर कसं व्हावं?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा ते घड्याळच डोळ्यांपुढे राहिलं.

आमच्या घरी हात उठत नसे. माझे वडील चिडले की बोलणंच बंद करत. एकदा ते अकरा दिवस चाललं. आई त्यांच्याच खोलीत बसून त्यांच्यासाठीचे निरोप मला सांगायची. अशा दिवसांत आई संध्याकाळी हटकून बायबलमधलं स्तोत्र १३६ काढायची. त्यात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाचा शेवट एकच : 'त्याची दया सनातन आहे.' पहिला भाग ती वाचणार, शेवट सगळ्यांनी म्हणायचा. प्रार्थनेतून उठून जाणं वडिलांना जमत नसे, त्यामुळे तेही म्हणायचे, सपाट आवाजात, भिंतीकडे बघत. मी बोटांवर मोजायची. त्या दिवसांत त्यांचा आवाज ऐकू यायचा तो एवढाच, सव्वीस वेळा.

माझी बहीण हीच संध्याकाळ सांगते तेव्हा ती ढोंगाची गोष्ट असते : दयेबद्दल बोलणारा आणि दया न करणारा माणूस. मी सांगते तेव्हा ती आवाजाची वाट बघणाऱ्या मुलीची गोष्ट असते. आम्ही दोघी एकाच चटईवर बसलो होतो. तेव्हा तुमच्या भावाचं खोटं नाही आणि तुमचंही नाही. पण त्याच्या उशाशी बसलेले पप्पा तुमच्यावर उठलेला हात पुसून टाकत नाहीत, हे त्याला शांतपणे सांगायला हरकत नाही. 'बापाचा मान राख' ही आज्ञा कुणी तुमच्यापुढे घाईने धरली, तर माझं मत ऐका : मान राखणं म्हणजे झालेलं झालं नाही म्हणणं नव्हे.

संत ऑगस्टीन हे प्राचीन काळातले ख्रिस्ती धर्मपंडित, जन्म इसवी सन ३५४चा. त्यांनी आपल्या आयुष्याची कबुली देवाला उद्देशून लिहिली. त्यात वडील फार थोडे येतात. ते मायाळू होते आणि तितकेच तापट होते, हे मात्र मुलाने लपवलेलं नाही. वडिलांचा मृत्यू तर बोलता बोलता एका वाक्यात उरकलाय. आईबद्दल मात्र पानंच्या पानं आहेत. ती ३८७ साली वारली तेव्हा त्यांनी डोळ्यांतलं पाणी हट्टाने अडवलं. पुढे अंथरुणात एकटे असताना एक भजन आठवलं आणि मग ते रडले. आईचं नाव, मोनिका, त्या साऱ्या लेखनात एकदाच येतं. वाचणाऱ्यांनी तिची प्रार्थनेत आठवण ठेवावी, अशी विनंती करताना. आणि तिथे तिच्या नावाशेजारी त्या तापट बापाचंही नाव आहे. तिथवर यायला त्यांना चाळिशी उलटावी लागली. तुम्हाला तारीख कुणी घालून दिलेली नाही.

आता 'पित्या' या शब्दाचं. येशूने हा शब्द शिकवताना बापांची भलामण केलेली नाही. मुलाने भाकर मागितली तर त्याला धोंडा कोण देईल, असं विचारून तो लगेच ऐकणाऱ्या बापांना म्हणतो, तुम्ही वाईट असूनही मुलांना चांगलं द्यायचं जाणता, मग स्वर्गातला पिता किती अधिक देईल! 'वाईट असूनही' हे तिथे स्पष्ट आहे. (प्रवचनांत ते बरेचदा घाईत निघून जातं.) म्हणजे पप्पांवरून देव ओळखा, असं तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही.

तरी शब्द घशात अडकतोच, हे मला कळतं. मग काही दिवस ती प्रार्थना बाजूला ठेवा, देव रुसत नाही. स्तोत्र ८८ काढा. तिथे शेवटी दिलासा नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते शास्त्रात आहे. मग २७वं : आईबापांनी सोडलं तरी परमेश्वर जवळ करील, असं त्यात दहाव्या वचनात येतं. मोठ्याने वाचा. रात्री झोप मोडत असेल, हात उठल्याचं आठवून अंग आजही आकसत असेल, तर समुपदेशकाकडे जा. त्याने विश्वास उणा होत नाही.

वाचताना पप्पांचाच आवाज कानात येईल. माझंही तसंच झालं. पतीच्या शस्त्रक्रियेच्या रात्री इस्पितळाच्या बाकावर माझी स्वतःची एकही प्रार्थना सुचेना. सुचलं ते 'त्याची दया सनातन आहे', आणि तेही वडिलांच्या त्या सपाट आवाजात. आधी राग आला. मग लक्षात आलं, शब्द त्यांचे नव्हतेच. त्यांनीही ते उसनेच घेतले होते. मी बोटांवर मोजत सव्वीसपर्यंत गेले आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. पहाटेपर्यंत असंच चाललं.

एक विचारू? ते घड्याळ आता कुणाकडे आहे? भावाकडे असेल तर एकदा जाऊन बसा त्याच्याजवळ, आणि पप्पा ते काढून कुठे ठेवायचे, हे त्याला आठवतं का, एवढंच विचारा.