परदेशात तरुणांची कार्यशाळा घेताना

प्रश्न : मी मुंबईत अकरावी-बारावीच्या मुलांसाठी नाट्यखेळांची सत्रं घेते. जुलैमध्ये जर्मनीत चार देशांतल्या, १६ ते १८ वयाच्या २० मुलांची पाच दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. यातून माझीही वाढ व्हावी असं वाटतं. तयारी कशी करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुमची वाढ मुख्यतः सत्रानंतरच्या अर्ध्या तासात होणार आहे, म्हणून तो अर्धा तास आताच वेळापत्रकात घाला. सत्र संपल्यावर, जेवायला जाण्याआधी, वहीत तीन गोष्टी लिहा : काय होईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, उद्या काय बदलणार. ‘मुलं छान रमली’ असं वाक्य लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही. ‘सूचना द्यायला आठ मिनिटं गेली, दोन गटांना खेळ उलटाच कळला’ असं लिहा. रात्रीवर ढकललंत तर तपशील निसटतात आणि थकवाच तेवढा आठवतो.

सोबत सहकारी असेल तर एकाने सत्र घ्यावं, दुसऱ्याने मागे बसून कोण किती वेळा बोललं याच्या रेघा ओढाव्यात. त्या यादीत तुमचंही नाव हवं. नव्या प्रशिक्षकांच्या नावापुढे बहुधा सर्वांत जास्त रेघा निघतात, आणि ते कागदावर दिसल्याशिवाय पटत नाही.

९० मिनिटांच्या सत्रात १० मिनिटं अंग मोकळं करणारा खेळ, १० सूचना आणि प्रात्यक्षिक, ३५ मुख्य खेळ, २५ चर्चा, आणि १० हातची ठेवा. हमखास बिघडतं ते इथे : खेळ रंगतो, लांबतो आणि चर्चेची वेळ खाऊन टाकतो. मुलं शिकतात ती मात्र चर्चेत. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४मध्ये मांडलेलं अनुभवातून शिकण्याचं चक्र हेच सांगतं : अनुभव घेणं, त्याचा मागोवा घेणं, त्यातून अर्थ काढणं, तो पुन्हा वापरून पाहणं. प्रश्नही त्याच क्रमाने विचारा. काय घडलं? तेव्हा काय वाटलं? असं आणखी कुठे घडतं? पुढच्या वेळी काय वेगळं कराल? सुरुवातीलाच ‘यातून काय शिकलात?’ असं विचारलं की मुलं तुम्हाला आवडेल ते उत्तर देऊन मोकळी होतात.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांना वाक्य जुळवायला वेळ लागतो. ती शांतता सोसवत नाही म्हणून आपणच उत्तर देऊन टाकतो. ही सवय सुटली तर मुंबईतल्या तुमच्या वर्गातही फरक दिसेल. दुभाषी असेल तर प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं, तेव्हा निम्माच मजकूर धरा.

गट चौघांचेच ठेवा, सहा-सात जणांत दोघं तरी गप्प राहतात. एका देशाची मुलं एकत्र चिकटतात, म्हणून १ ते ५ आकडे म्हणायला लावून गट पाडा. सूचना तीन वाक्यांत, मोठ्या कागदावर लिहून द्या. ‘कळलं का?’ विचारलं की सगळे मान डोलावतात. त्यापेक्षा एखाद्या मुलाला ती पुन्हा सांगायला लावा.

पाठीवर थाप, ‘किती बारीक झालास’, गाणं म्हणण्याचा आग्रह हे सगळं आपल्याकडे मायेने होतं, तिथे मूल अवघडू शकतं. स्पर्श असलेल्या प्रत्येक खेळाला स्पर्शाविना पर्याय हवा आणि बाजूला बसून पाहायची मुभाही. १८ वर्षांखालच्या मुलाशी बंद खोलीत एकट्याने बोलू नका. फोटो काढण्याआधी मुलांची आणि पालकांची लेखी संमती आयोजकांकडे आहे का, ते विचारा. युरोपात मे २०१८पासून खासगी माहितीचे कडक नियम लागू आहेत.

प्रश्न : अशाच कार्यशाळेसाठी थोडं मानधन मिळणार आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी एकच असलेल्या शेंगेन व्हिसाचं काय?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळ्यात गर्दी असते, तेव्हा शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मानधन लपवून पर्यटक म्हणून अर्ज करू नका. निमंत्रणपत्रात काम, दिवस आणि रक्कम स्पष्ट लिहून घ्या आणि कोणता व्हिसा लागेल ते त्या देशाच्या वकिलातीला लेखी विचारा. मुलांसोबत काम आहे म्हणून आयोजक पोलिसांचा दाखला मागू शकतात. परदेशासाठी तो पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतो.

प्रश्न : परतल्यावर बायोडेटात हे कसं लिहावं?
– एक वाचक, दादर

उत्तर : ‘नेतृत्वगुण विकसित झाले’ हे कुणीही लिहितं. वयोगट, मुलांची संख्या, दिवस, भाषा आणि तुम्ही स्वतः आखलेली सत्रं लिहा. त्याखाली एक ओळ : पहिल्या दिवसानंतर काय बदललं आणि का. मुलाखतीत प्रश्न त्याच ओळीवर येण्याची शक्यता जास्त, म्हणून सत्रांनंतरच्या नोंदींची वही जपून ठेवा.