पांदण, पाळ आणि पायऱ्या : चालणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

दोन-तीन तासांत घरी परतता येईल अशा सोप्या वाटांबद्दल विदर्भातल्या तालुक्याच्या गावांहून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आमच्याकडे ना डोंगर ना टेकडी, सगळी सपाट काळी जमीन. रोज सकाळी हायवेच्या कडेनं चालतो, ट्रकची भीती वाटते. पांदणीनं (शेतांमधल्या गाडीवाटेनं) गेलं तर चालेल का? (दर्यापूर)

चालेल, आणि हायवे सोडाच. एका पांदणीनं गावाबाहेर पडायचं आणि दुसरीनं परत यायचं, अशी फेरी आखा. मोठ्या माणसाच्या साधारण १,३०० ते १,४०० पावलांत एक किलोमीटर होतो. एकदा पावलं मोजून ५ किलोमीटरची फेरी ठरवली की सव्वा तासात घरी पोहोचता. मध्ये डांबरी रस्त्याचा तुकडा आलाच, तर उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते.

खरी अडचण मातीची आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पावसात बुटाच्या तळाला थरावर थर चढतो, तळाची नक्षी बुजते आणि पाय घसरतो. वर त्या जड बुटांनी पोटऱ्या, मांड्या भरून येतात. चांगले महागाचे बूट घेऊनही हे टळत नाही. उपाय एकच, वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती पुरेशी सुकेपर्यंत, थांबणं. मूठभर माती दाबून बघा : गोळा होऊन हाताला चिकटली तर घरी राहा, भुगा झाला तर निघा. याहून सोपी खूण म्हणजे शेजारच्या शेतात डवरे (कोळपणीची अवजारं) सुरू झाले की वाटही चालण्याजोगी झालेली असते. जिथे पांदणीवर मुरूम पडलाय तिथे हा नियम लागू नाही.

उन्हाळ्यात भेगांमध्ये पाय मुरगळतो. गाडीच्या चाकोरीत न चालता दोन चाकोऱ्यांमधल्या घट्ट पट्ट्यावरून चाला. लोकांच्या धुऱ्यावरून जाऊ नका, तिथे गवतात साप असतो आणि पिकाचंही नुकसान होतं. जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालू दिसली तर त्या बाजूला जाऊच नका, मागे वळा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, हे विसरण्यासारखं नाही. आणि तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट, त्यामुळे वाटेतल्या हापशीवर विसंबू नका. पाणी घरूनच न्या.

वाघाच्या बातम्या रोज येतात. गावाबाहेर फिरायला जाणं अजिबात सोडून द्यायचं का? (सिंदेवाही)

जंगलाला लागून असलेल्या वाटा पहाटे आणि संध्याकाळी सोडा, दिवसा नाही. ब्रह्मपुरी वनविभागात अभयारण्याबाहेरही वाघांची संख्या मोठी आहे, आणि शेत व झुडपी जंगल यांच्यामध्ये तिथे कुंपण नाही. वाघ-बिबट्याची हालचाल उजाडताना आणि अंधारताना जास्त असते, म्हणून सकाळी ८ नंतर निघून दुपारी ४ च्या आत परत या. किमान चौघं असावेत. बोलत चाला, मुलं मध्ये ठेवा. कुत्रा सोबत नेऊ नका, बिबट्या कुत्र्यासाठी माणसाच्या जवळ येतो.

वाटेत ओणवं होणं किंवा उकिडवं बसणं टाळा. उभा माणूस वाघाला माणूस दिसतो, वाकलेला माणूस मात्र चार पायांच्या जनावरासारखा वाटू शकतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता वेचणाऱ्यांना हाच धोका असतो. मोहाखाली पहाटे अस्वलही येतं. वाघ दिसलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून, हात वर करून, मोठ्यानं बोलत हळूहळू मागे सरका.

एक पेच उरतो. उन्हाळ्यात ८ नंतर ऊन सोसवत नाही आणि ८ आधी वाट सुरक्षित नाही. त्या तीन महिन्यांत शाळेचं मैदान किंवा घरांच्या रांगेतला रस्ता, एवढंच ठेवा. वनविभागानं इशारा दिला असेल तर तेही दिवस उजाडल्यावरच. यात हयगय नको.

मे महिन्यात चालायचं तर किती वाजता निघावं, पाणी किती न्यावं? आजी खिशात कांदा ठेवायला सांगते. (हिंगणघाट)

मे अखेरीस आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. तुमच्या भागात वाघाचा इशारा नसेल तर सव्वापाचला निघून साडेसातच्या आत सावलीत या. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी हिशेबात धरा आणि दर पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट घ्या. एकदम लोटाभर प्यायलं की पोट डचमळतं. घाम जास्त गेला तर घरी १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडं थोडं प्या. चमचा चहाचा. मीठ यापेक्षा जास्त नको. पांढरा सुती दुपट्टा डोक्याला आणि मानेला बांधा.

कांदा जेवणात जरूर खा. खिशातला कांदा ऊन अडवत नाही. चालणारा माणूस बरळू लागला, अडखळू लागला किंवा अंग तापून गरगरलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत निजवा, मान, काखा, जांघांवर ओली फडकी ठेवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आईबाबा साठीच्या पुढचे, आईचा उजवा गुडघा दुखतो. रामटेक की लोणार? (उमरेड)

रामटेक. गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. लोणारचं विवर जवळपास १५० मीटर खोल आहे, आणि तिथे आधी सगळा उतार, मग दमलेल्या पायांनी सगळा चढ. मधूनच सोडून गाडीत बसता येत नाही. लोणारला जायचं असेल तर विवराच्या काठावर थोडं चालून धारेपर्यंत (तिथल्या झऱ्यापर्यंत) जा, तळाला उतरू नका.

रामटेकला अंबाळ्याच्या तलावापासून पायऱ्या चढून गडावर जाता येतं आणि गडापर्यंत गाडीचा रस्ताही आहे. पायऱ्यांनी चढा आणि गाडीनं उतरा, म्हणजे गुडघ्याला जाचक असलेला भाग टळतो. चढताना चांगला पाय आधी, पायऱ्या उतरायच्याच असतील तर उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे आईच्या डाव्या हातात. गडावर माकडं फार. प्रसाद पिशवीत लटकवून नेऊ नका, पाठीवरच्या बंद बॅगेत ठेवा.

गुडघा अगदीच बोलत असेल तर सेवाग्राम बरं. १९३६ पासूनचा तो आश्रम सपाट जागेवर आहे, सावली भरपूर आहे आणि बसत बसत फिरता येतं.

शाळेतल्या सहावी-सातवीच्या मुलांना मालगुजारी तलावाच्या पाळीवरून (जुन्या गावतलावाच्या बांधावरून) न्यायचं आहे. (अर्जुनी मोरगाव)

नोव्हेंबर ते फेब्रुवारी न्या, तेव्हा पाहुणे पक्षी असतात. पाळ अरुंद असते, म्हणून एका ओळीत चालवा, एक शिक्षक पुढे आणि एक शेवटी. आदल्या दिवशी जाऊन सांडवा, म्हणजे तलावाचं जादा पाणी बाहेर पडायची जागा, पाहून या. शेवाळलेल्या दगडावरून पाणी वाहत असेल तर तिथूनच परत फिरा. पाणी घोट्याएवढं असलं तरी ओलांडू नका.

सप्टेंबरमध्ये टेकडीवर फिरून आलो, बारा दिवसांनी ताप आला. संबंध असेल का? (काटोल)

असू शकतो, आजच डॉक्टरकडे जा. ऑगस्ट ते ऑक्टोबर गवतात चिगर माइट नावाच्या किड्याची बारीक अळी असते. ती चावल्यानं स्क्रब टायफस होतो आणि चावल्यापासून साधारण ६ ते २१ दिवसांत ताप येतो. २०१८ साली नागपूर भागात याचे बरेच रुग्ण आढळले होते. काखेत, जांघेत, कमरेला न दुखणारी काळी खपली आहे का बघा. ती नसली तरी हा आजार नाही असं होत नाही. "मी गवतातून चाललो होतो" हे वाक्य डॉक्टरला आवर्जून सांगा. लवकर कळलं तर डॉक्सिसायक्लीनसारख्या स्वस्त औषधानं बरं होतं, उशीर झाला तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडावर बेततं.

पुढच्या वेळी पँटचे पाय मोज्यात खोचा, गवतात बसू नका, घरी येताच आंघोळ करा आणि कपडे गरम पाण्यात टाका.

चिखलदऱ्याला एकच दिवस आहे. गाविलगड जमेल का? (अचलपूर)

जमेल, किल्ला असूनही चढ फारसा नाही. चिखलदऱ्याचं पठार सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि किल्ला उत्तरेकडून त्याच उंचीच्या डोंगराला जोडलेला आहे. बाकीच्या बाजूंना कडे. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या तोफा याच उत्तरेच्या अंगानं लागल्या, कारण सरळ जमीन तिथेच होती. आता तीच बाजू चालणाऱ्यांना सोपी पडते.

ऑक्टोबरपर्यंत आत गवत छातीएवढं असतं, त्यात पडक्या भिंती आणि टाक्यांचे काठ दिसत नाहीत. नोव्हेंबर अखेरीस जा. नाक्यावर वनरक्षकाला प्रवेशाची वेळ विचारून घ्या. मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या आणि खाली कुणाला तरी परतायची वेळ सांगा. दरवाजांच्या कमानीत किंवा कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा सगळं टाळा. माशा उठल्याच तर तोंड दुपट्ट्यानं झाकून सरळ दूर पळा. अस्वलाचा वावर आहे, म्हणून दुपारी ३ ला परतीला लागा.