द्वारका नाव नेमकं कुणाला नको होतं?

"मॅडम, आम्हाला बाळाचं नाव जुन्या वळणाचं ठेवायचंय, पण घरातली मोठी माणसंच नको म्हणतात."

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत सतत ऐकते आहे. पूर्वी तक्रार उलटी असायची. आजोबांना विठ्ठल हवा असायचा आणि आईवडील आर्यनवर अडून बसायचे. आता तिशीतली जोडपी रमा, जानकी, मुक्ता, केशव, रघुनाथ अशी यादी घेऊन येतात आणि साठी ओलांडलेली आजी म्हणते, "इतकं म्हातारं नाव? तान्ह्या पोरीला?" दोन्हीकडच्यांना वाटतं की हा आवडीनिवडीचा वाद आहे. माझ्या अनुभवात तो तसा क्वचितच असतो.

एका घराचं सांगते. नावं अर्थातच बदलली आहेत, फक्त त्या त्या काळाला शोभतील अशी घेतली आहेत.

निखिल आणि सायली घोडबंदर रोडला राहतात. मुलगी तीन महिन्यांची होत आली तरी बारसं झालेलं नव्हतं. लसीकरणाच्या कार्डावर 'बेबी ऑफ सायली' एवढंच. निखिलला नाव ठेवायचं होतं द्वारका, त्याच्या आजीचं. त्याची आई शैलजाकाकू, मंत्रालयातून निवृत्त झालेल्या, ऐकायलाच तयार नव्हत्या.

"आई सकाळच्या लोकलनं जायची ती दिवेलागणीला यायची," निखिल सांगत होता. "मला वाढवलं आजीनं. चरईतल्या दोन खोल्यांत तिच्या कुशीत झोपलोय मी. तिचं नाव पुढे चालावं एवढंच म्हणतोय."

काकू म्हणाल्या, शाळेत मुलं चिडवतील. निखिलनं सांगितलं की सोसायटीच्या बागेत कियारा म्हणून हाक मारली की तिघी वळून बघतात, द्वारका निदान एकटी असेल. मग काकूंनी पत्रिका काढली, अक्षर 'ग' आलंय म्हणाल्या. निखिल म्हणाला, "माझ्या वेळी कुठे अक्षर पाळलं होतंत?" मग परदेशी गेली तर तिथल्या लोकांना उच्चार जमायचा नाही, असं निघालं. त्यालाही त्याच्याकडे उत्तर होतं.

कारणं एकामागून एक बदलत जातात आणि नकार मात्र जागचा हलत नाही, तेव्हा त्या कारणांशी वाद घालून काही साधत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीनं मी काम करते. माणसाला त्रास घटनेनं होतो त्याहून जास्त त्या घटनेला त्यानं मनात जो अर्थ दिलेला असतो त्यानं होतो, हा तिचा गाभा. द्वारका हे नाव घरात एकच होतं. त्याचे अर्थ किती होते, ते मला बघायचं होतं.

पुढच्या वेळी मी काकूंना एकट्यांना बोलावलं.

"काकू, समजा नाव ठेवलंच. बाळ पाळण्यात आहे, रडतंय. तुम्ही हाक कशी माराल? मारून दाखवता?"

त्यांनी ओठ उघडले आणि मिटले. मग म्हणाल्या, "ह्यांच्या आईचं नाव मी आजवर तोंडानं उच्चारलेलं नाही."

"आदर म्हणून?"

"आदर कसला! धाक. पगाराचं पाकीट न उघडता सासूबाईंच्या हातात द्यायचं आणि लोकलच्या पासाला पैसे मागायचे. नोकरी मी करायची आणि मागायचंही मीच. माझी थोरली झाली, मुलगी, तर त्या बारशाला बसल्याच नाहीत. डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत झोपून राहिल्या." थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, "शैलजा हे नावसुद्धा त्यांनीच ठरवलेलं. माहेरची मी कुसुम. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं शैलजा लिहिलं आणि कुसुम गेली. आता ह्या वयात रोज घरात त्यांच्या नावाचा गजर ऐकू? नातीला कधी रागवायचं झालं तर कुणाला रागावल्यासारखं वाटेल मला?"

इतकी वर्षं हे त्यांनी मुलाला का सांगितलं नाही, ते मला विचारावं लागलं नाही. "त्याची आजी त्याच्यापासून कशाला काढून घेऊ?" त्या आपणहून म्हणाल्या.

हे निखिलला सांगायचं की नाही, ते मी त्यांच्यावर सोडलं. काही दिवसांनी त्यांनीच माझ्यासमोर सांगितलं. निखिलचा चेहरा उतरला. "माझी आजी अशी नव्हती," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मी म्हटलं, "तुझी आजी अशी नव्हतीच. आईची सासू अशी होती. दोघांच्याही आठवणी खऱ्या आहेत. कुणाची खोडायची गरज नाही."

तो बराच वेळ गप्प बसला. मग आईकडे न बघता म्हणाला, "पासाचे पैसे मागायला लागायचे?" सगळ्या हकिकतीतली हीच गोष्ट त्याला टोचली होती. वादाची गाठ तिथे सुटली असं मी मानते.

या घरानं मला जे दाखवलं ते मी नंतर अनेक घरांत ताडून पाहिलं. जुनी नावं परत आणतात ती नातवंडं, कारण त्यांच्या वाट्याला त्या पिढीचा फक्त लाड आलेला असतो. मधल्या पिढीनं त्याच माणसांची सत्ता सोसलेली असते. त्या पिढीनं मुलांची नावं संदीप, अमोल, वैशाली अशी ठेवली, त्यात फॅशन होती तशी सुटकाही होती. म्हणून विरोध बहुतेक वेळा मधूनच येतो, आणि विरोध करणाऱ्यालाही त्याचं खरं कारण पटकन सापडत नाही.

जुनं ते सगळं मायेचं, असंही नसतं. दगडू, धोंडू, भिकू ही नावं मुलं दगावण्याच्या भीतीतून यायची. नजर लागू नये, मूल जगावं म्हणून. ती कुणी परत आणत नाही. सातारा जिल्ह्यात तर 'नकुशा' नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना २०११ साली समारंभ करून नवी नावं द्यावी लागली. नाव एखाद्या मुलीच्या अंगावर काय काय लादू शकतं, ते पाहायला फार मागच्या काळात जावं लागत नाही.

निखिलशी मी इच्छा आणि हट्ट यांतल्या फरकावर बोलले. आजीची आठवण राहावी ही इच्छा निरोगी आहे. ती याच नावानं राहिली पाहिजे, नाहीतर मी कृतघ्न, हा हट्ट. "ऋण तुझं आहे ना?" मी विचारलं. "मग ते मुलीनं जन्मभर का वागवायचं?" त्यावर तो हसला. तो मला पहिल्यांदाच हसताना दिसला.

सायलीचं मात्र कुणी विचारलंच नव्हतं. तिला जुनं नाव हवं होतं, पण द्वारकाच असं काही नव्हतं. नाव उच्चारायला सरळ आणि ओळखीचं हवं, एवढंच तिचं म्हणणं. मी तिघांना जुन्या नावांच्या याद्या करायला सांगितल्या, अट एकच, दोन्ही घरांत ते नाव कुणाचं नसावं. जानकी दोन याद्यांत निघाली, सायलीच्या आणि काकूंच्या. बारशाला आत्यानं कानात नाव सांगितलं, म्हणजे ज्या थोरलीच्या बारशाला आजी बसली नव्हती तिनंच. सायलीला ते ठाऊक होतं. तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज भरून आला होता.

ज्यांच्या घरी हा वाद आज चालू आहे त्यांना आधी सांगते की घाई करू नका. बारावा दिवस ही परंपरा आहे, कायद्याची मुदत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती नावाविनाही होते. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मात्र १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांचा शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच आधार आहे, तेव्हा एकदा ठरलं की मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं नीट तपासून द्या. आणि १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्रात मुलाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव येतं. नाव निवडताना ते सलग मोठ्यानं म्हणून बघा. शैलजाकाकूंनी ते म्हणून पाहिलं होतं. "जानकी सायली निखिल. हिचं कुणी बदललं नाही, हे बरं झालं," त्या सुनेकडे बघत म्हणाल्या.

चिडवण्याची काळजी मी फारशी करत नाही. मुलं काहीही चिडवतात, विहानलाही चिडवतात. आईबाप ते नाव ओशाळून घेतात की मोकळ्या गळ्यानं, यावर मूल ते कसं पेलेल हे ठरतं.

मग पणजीचं नाव ठेवूच नये का, असंही विचारतात. ठेवा की! कळव्याच्या एका घरात पणजीचं सरस्वती हे नाव सगळ्यांनी आनंदानं स्वीकारलं, कारण तिथली आजी त्या सरस्वतीबाईंची लेक होती. तेव्हा आधी एवढं पाहा, ज्यांचं नाव ठेवायचंय त्यांची सून घरात हयात आहे का. असेल तर पहिल्यांदा तिला विचारा, आणि विचारताना तिचा नवरा आणि मुलगा दुसऱ्या खोलीत असू देत.