चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, गाडी मिसिंग मारते. ऑक्सिजन सेन्सर बदलावा का?

आत्ता तरी बदलू नका. तुम्ही दिलेली माहिती अशी: २०१४ ची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, पाऊस सुरू झाल्यापासून मिसिंग, चढाला दिवा लुकलुकतो आणि स्कॅनरवर दोन कोड, पी०३०२ आणि पी०१७१. पहिला म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे मिश्रण नीट न जळणं. दुसरा म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. तुमच्या मेकॅनिकने दुसरा कोड धरला आणि सेन्सरवर बोट ठेवलं. मी पहिला धरेन.

कारण ठिणगी पडली नाही की त्या सिलिंडरमधली हवा आणि पेट्रोल न जळताच बाहेर जातं. सायलेन्सरच्या पाइपमधल्या ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल कळत नाही, ऑक्सिजन तेवढा कळतो. तो जादा ऑक्सिजन बघून ‘पेट्रोल कमी पडतंय’ असं ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) कळवतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज पडतं. सेन्सर आपलं काम नीट करत असतो आणि नेमका तोच बदलला जातो. जुन्या गाडीवर लोकांचे असे हजारो रुपये जातात आणि दिवा तसाच राहतो, याचा मला खरोखर राग येतो.

आधी कोडचा फोटो काढून ठेवा. बॅटरीची वायर काढून दिवा घालवू देऊ नका. बिघाड झाला तेव्हाचे आरपीएम, तापमान वगैरे ईसीयूने नोंदवलेलं असतं, तेही पुसलं जातं.

मग इंजिन गार असताना, चावी काढून, दोन नंबरची कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग) काढा. बहुतेक गाड्यांत एक नंबरचा सिलिंडर टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूला असतो. बोल्ट बहुधा दहाच्या पान्याने निघतो. कनेक्टरची क्लिप जपून दाबा, इतक्या वर्षांचं प्लास्टिक पटकन तुटतं. कॉइलच्या रबरावर तडा किंवा बारीक जळकी रेघ दिसली तर करंट तिथूनच बाहेर पळतोय. प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारून बघा. पाणी असेल तर सुकवा. ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय, ते बदलल्याशिवाय नवी कॉइलही टिकणार नाही. वायरी उंदरांनी कुरतडल्यात का तेही बघा, पावसाळ्यात हे फार होतं.

काहीच दिसलं नाही तर दोन आणि तीन नंबरच्या कॉइल आपसात बदला, कोड पुसा आणि गाडी थोडी फिरवा. पी०३०३ आला तर कॉइल खराब, विषय संपला. पी०३०२ च राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) बघा.

एवढं होईपर्यंत दिवा लुकलुकला की ॲक्सिलरेटर सोडा, लांबचा प्रवास टाळा. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, त्या उष्णतेने तो आतून वितळतो आणि त्याची किंमत कॉइलच्या कितीतरी पट असते. दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. ऑइलचा लाल दिवा मात्र वेगळा. तो चालत्या गाडीत लागला तर बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करा, पुढच्या चौकापर्यंतही नेऊ नका.

कॉइल, प्लग, इंजेक्टर तिन्ही ठीक निघाले तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या आणि चारही सिलिंडरचे आकडे इथे टाका. व्हॉल्व्ह किंवा पिस्टनच्या रिंगमध्ये बिघाड आहे का, याचा अंदाज त्यावरून येईल.